गाणं कुणी काढायचं?

दादांची उजव्या हाताची तीन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली आणि त्यांनी प्रार्थना सोडली. दादा म्हणजे माझे वडील. चिखलीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते मशीन चालवत आणि रविवारी चर्चच्या उपासनेत ढोलकी वाजवत.

इस्पितळात पाळक भेटायला आले, तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "साहेब, देवाला माझीच बोटं दिसली का?" पाळकांनी स्टूल जवळ ओढलं. बराच वेळ नुसते शेजारी बसून राहिले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आज त्या गप्प बसण्याबद्दल मी त्यांचे उपकार मानते.

घरी आल्यावर आई भाकरी थापताना ओठांतल्या ओठांत प्रार्थना करायची. आवाज जरा चढला की दादा उठून गॅलरीत जात. मी घरातली पहिली पदवीधर, चाकणच्या कंपनीत नोकरीला. त्यांनी प्रेसवर उभं राहूनच मला शिकवलं. कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटले की मला एवढंच सुचायचं, 'प्रभू, आमचे दादा आम्हाला परत दे.'

आमच्या मंडळीत रविवारी दुपारी आळीपाळीने एकेका घरी प्रार्थना असते. ज्याचं घर, त्याने पहिलं गाणं काढायचं. आमची पाळी आली तेव्हा मी आईला म्हटलं, पुढे ढकलू या. ती म्हणाली, "घरात दुःख आहे म्हणूनच येऊ देत."

"येऊ देत," दादा म्हणाले. "मी आत बसतो."

दोन खोल्यांत आत ते कुठे? स्वयंपाकघरात ओट्याशेजारी स्टूल घेऊन बसले.

चटया भरल्या. ढोलकी कोपऱ्यात, खोळीतच. सगळे थांबले होते. पाळकांनीही सुरुवात केली नाही. शेवटी मी दादांचं नेहमीचं गाणं काढलं, पण घाबरून इतक्या वरच्या सुरात, की दुसऱ्या ओळीला कुणाचा आवाज पोचेना.

मंडळीतल्या एक मावशी म्हणाल्या, "अगं, गाणं काढलंस का भोंगा वाजवलास? मला वाटलं शिफ्ट सुटली!"

सगळे हसले. मला रडू फुटणारच होतं. तेवढ्यात आतून आवाज आला, "खाली घे. म्हाताऱ्या माणसांनी कसं गायचं?"

मी पुन्हा सुरू केलं. पुन्हा वरच.

"अजून खाली. ऐक."

दादा दारात आले आणि पहिली ओळ त्यांनीच म्हटली. शेवटी आवाज फाटला, तेव्हा मंडळीने ती उचलली. ते उंबऱ्यातच उभे राहिले. उजवा हात खिशात, डाव्या हाताने चौकटीवर ताल.

त्या दिवशीही त्यांनी प्रार्थना केली नाही. डोळे उघडे ठेवून उभे होते. वर्कशॉपमध्ये परत घेतील की नाही, तेही अजून ठरलेलं नव्हतं.

निघताना पाळकांनी विचारलं, "पुढच्या रविवारी याल?"

"बघू. आधी हिला सूर शिकवावा लागेल."

आई ओट्याकडे तोंड करून चहाचे कप विसळत होती. मागे न वळता ती मोठ्याने म्हणाली, "आमेन." दादा गॅलरीत गेले नाहीत.