पुलाच्या अलीकडची व्हर्ना

व्हर्ना केस्टिलाला घाई करायला लावणं आमच्या गावात कुणालाही जमलेलं नाही. तिच्या नवऱ्यालाही जमलं नाही. तो बिचारा शेवटी वाट पाहून पाहून एकटाच पुढे निघून गेला, असं तिचा धाकटा भाऊ आर्वो त्याच्या अंत्यविधीच्या जेवणात म्हणाला होता, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती व्हर्नाच. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात सूप ढवळण्यात घालवली. पोरं रांगेत थाळ्या वाजवायची, मुख्याध्यापक घड्याळ दाखवायचे, आणि ही शांतपणे एकेक वाडगा भरून त्यात बटाटा आला की नाही ते बघायची.

अशी बाई गावच्या अग्निशमन पथकात होती, हे ऐकून बाहेरचा माणूस हसतो. पण सुपीरियर सरोवराच्या या काठावर लोकवस्ती एवढी विरळ की पथकात कोण घ्यायचं याची निवड होत नाही. जो जिवंत आहे आणि दारू उतरलेल्या अवस्थेत सापडतो, तो घेतला जातो. सुतार, दुकानदार, लाकडाचे ट्रक चालवणारे असे सगळे त्यात आहेत. भोंगा वाजला की हातातलं टाकून आपापल्या पिकअपमधून सुटायचं. फायर स्टेशनच्या दारामागे एक पितळी खिळा आहे. आगीपाशी जो पहिला पोचेल त्याची टोपी पुढच्या आगीपर्यंत त्या खिळ्यावर टांगलेली राहते. आमच्याकडे माणसाची अब्रू त्या खिळ्यावर मोजतात. आर्वो हौटालाची टोपी तिथे इतकी वर्षं लटकते आहे की तिच्यामागची भिंत तेवढीच पांढरी राहिली आहे. एकदा तर तो आग लागण्याआधीच पोचला होता, असं त्याची बायको सेल्मा सांगते. त्यानंच शेगडीवर चरबी ठेवली होती.

पुढे दूरच्या कुठल्याशा गावात एका बंदूकवाल्यानं बाजारात माणसं मारली. बातमी आम्ही कॉफी पिता पिता ऐकली आणि हळहळलो. पण त्यानंतर वसंतात जिल्ह्याच्या पोलिसांकडून सार्जंट ट्रूडेल आमच्या पथकाला शिकवायला आला. फळ्यावर त्यानं एकात एक तीन वर्तुळं काढली. मधलं गरम. बंदूकवाला तिथे असतो, आणि तिथे फक्त पोलीस जातात. त्याभोवतीचं कोमट. बंदूकवाला तिथे नाही, पण येणारच नाही असं सांगता येत नाही. तिथे पोलिसांच्या आडोशानं मलमपट्टीवाले जातात, रक्त थांबवतात आणि माणूस ओढून बाहेर आणतात. बाहेरचं थंड. तिथे अँब्युलन्स. सूपवालीला हे लगेच समजलं, असं कुणीतरी कुजबुजलं आणि हशा झाला.

मग ट्रूडेल म्हणाला की सगळ्यांत आधी आत जाणारे पोलीस जखमींसाठी थांबत नाहीत. जखमी माणूस हात धरेल, नावानं हाक मारेल, तरी त्याला ओलांडून पुढे जायचं. कारण पुढचा बंदूकवाला थांबवला नाही तर जखमी वाढत जातात. कुणीतरी उगाच खुर्ची सरकवली.

शेवटचं काम त्यानं वर्तुळांच्या बाहेर, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: थांबा. मदतीला येणारा प्रत्येक जण आधी तिथे येणार, गाडी लावणार, आणि बोलावल्याशिवाय हलणार नाही. तिथे एक माणूस उभा हवा, लोकांना अडवायला. हे काम कोण घेईल असं विचारताच सगळे पुरुष खिडकीबाहेर बघू लागले. ज्या गावात पहिलं पोचणं हीच अब्रू, तिथे लोकांना अडवणं म्हणजे लग्नात वाजंत्री बंद करायला उभं राहणं. आर्वोनं तोडगा काढला. "व्हर्नाला द्या. ती नाहीतरी थांबलेलीच असते."

अशी ती गावची पार्किंगबाई झाली.

जुलैत सराव झाला. आमचं सभागृह नदीपलीकडे आहे आणि तिकडे जायला एकच, एका गाडीपुरता पूल. पुलाच्या अलीकडे बर्फावरच्या हॉकीच्या रिंकचं मोठं आवार. तोच थांबा ठरला. जखमी म्हणून पास्टर ओल्मस्टेड टोमॅटो सॉस फासून सभागृहाच्या पायरीवर पडले होते. सॉसवर गांधीलमाश्या आल्या आणि पास्टर असं काही बोलले जे त्यांच्या तोंडी आम्ही कधी ऐकलं नव्हतं. इकडे भोंगा वाजताच आमचे वीर सुटले. व्हर्ना रिंकपाशी दोन्ही हात वर करून उभी, आणि तिच्या दोन्ही अंगांनी पिकअप निघून गेले. पहिला अर्थात आर्वो. सगळे पुलावर एकामागे एक अडकले, आणि अँब्युलन्स त्यांच्या मागे. ट्रूडेलनं पास्टरना मृत घोषित केलं.

मात्र पूल पाहता पाहता मोकळाही झाला. आमच्याकडे गाडीची चावी कुणी काढून घेत नाही. चावी गाडीतच, दारं उघडी. जो जवळ होता त्यानं समोर दिसेल तो पिकअप मागे घेतला. ट्रूडेल थक्क झाला. चला, एवढं तरी बरं आहे तुमच्या गावात, असं म्हणून त्यानं बिअर घेतली.

व्हर्नाला ते बरं वाटलं नाही. भाजलेले सॉसेज वाटता वाटता तिनं विचारलं, "हे जुलैत झालं. शिकारीच्या पहिल्या दिवशी काय करणार?"

नोव्हेंबरात हरणाची शिकार सुरू होते त्या दिवशी आमच्याकडे शाळा बंद, आरा गिरणी बंद, आणि दाढी फुटलेला प्रत्येक जण नारंगी जॅकेट घालून जंगलात असतो. वर्षभर चावी न काढणारे हे लोक त्या एकाच दिवशी गाडीला कुलूप लावतात आणि चावी खिशात घालतात, कारण गाडीत बंदूक असते. तेव्हा पुलावर गाड्या अडकल्या तर त्या काढणार कोण, असं तिचं म्हणणं.

"त्या दिवशी माणूस हरणाच्या मागे असतो, व्हर्ना," आर्वो म्हणाला. "माणसं मारायला कुणाला सवड आहे?"

सगळे हसले. व्हर्नाही हसली, पण उशिरा, तिच्या पद्धतीनं. आणि त्यानंतर पानं पिवळी पडेपर्यंत ती संध्याकाळची पुलापाशी जाऊन उभी असलेली दिसायची. काही करत नसे. नुसती पलीकडे बघायची. रिंकच्या म्हाताऱ्या राखणदाराकडून तिनं स्केट ठेवायच्या खोलीची किल्ली मागून घेतली. कशाला विचारलं तर म्हणे, लागेल. लोक येता-जाता हॉर्न वाजवून विचारत, पार्किंगबाई, जागा आहे का. ती बोटानं दाखवायची: तिकडे, कडेला, तोंड बाहेर करून.

शिकारीच्या पहिल्या दिवशी पुरुष जंगलात गेले की बायका सभागृहात जत्रा भरवतात. लोकरीचे मोजे, जॅम, केक, आणि बीफ आणि सलगम भरलेल्या, करंजीसारख्या पेस्ट्या. त्या वर्षीही भरली होती. सेल्मा पेस्ट्यांच्या टेबलावर होती. बर्फ भुरभुरत होता, आणि दुरून जंगलात बार ऐकू येत होते. त्या दिवशी ते ऐकू यायचेच. म्हणून सभागृहाच्या जवळ एक बार वाजला तरी कुणी मान वळवली नाही. नारंगी जॅकेटातला एक माणूस बंदूक घेऊन दारात आला. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या हिल्याला वाटलं, कुणाचा तरी नवरा लवकर परतला. ती म्हणाली, "बंदूक बाहेर ठेव रे बाबा, आत केक आहेत."

तो कोण होता हे आम्हांला सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं नाव आम्ही घेत नाही.

व्हर्नानं घरी पथकाच्या रेडिओवर ऐकलं. शेजारीण सांगते की तेव्हाही ती धावली नाही. बूट घातले, नाड्या बांधल्या, गाडी काढली. रिंकचं फाटक सताड उघडलं, स्केटच्या खोलीचं दार उघडलं, आणि पुलाच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. ट्रूडेल आणि त्याची तीन माणसं आली. तिनं बाजूला होऊन त्यांना सोडलं. त्यांनी पलीकडे काय ओलांडलं असेल ते तिला माहीत होतं. मग जिल्ह्याची पहिली अँब्युलन्स आली, तिला पोलिसांच्या सोबतीनं सोडलं. आणि मग जंगलाच्या रस्त्यानं आमची माणसं येऊ लागली. गाड्यांतून रेडिओ सगळ्यांनीच ऐकला होता. सगळ्यांच्या बायका पलीकडे होत्या.

या वेळी तिच्या अंगावरून कुणी गाडी घातली नाही. का, ते कुणाला सांगता येत नाही. ती ओरडत नव्हती. प्रत्येक खिडकीशी जाऊन तेच सांगत होती: कडेला लाव, तोंड बाहेर, चावी गाडीत, बंदूक स्केटच्या खोलीत, जॅकेट काढ. आमची माणसं एक वेळ बायको उसनी देतील, बंदूक देणार नाहीत. पण देत गेली. शर्टावर, बर्फात, लहान पोरांच्या स्केटशेजारी आजोबांच्या वेळच्या बंदुका रचून, हात काखेत घालून उभी राहत गेली.

आर्वो आला तो थांबला नाही. व्हर्ना समोर होती म्हणून त्यानं चाक वळवलं, पिकअप कठड्याला घासला आणि पुलावर आडवा झाला. तो उतरला, सवयीनं कुलूप लावलं, चावी खिशात घातली, आणि बंदूक घेऊन पलीकडे चालू लागला.

ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"सेल्मा आत आहे," आर्वो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग हो बाजूला."

"पोलिसांना एवढंच सांगितलंय, आर्वो. नारंगी जॅकेट, हातात बंदूक. बाकी काही त्यांना माहीत नाही. तू स्वतःकडे बघ."

त्यानं खरंच खाली बघितलं. आपल्या छातीकडे, मग हाताकडे. पलीकडून एक बार ऐकू आला. मग आणखी दोन, आणि नंतर काहीच नाही.

"ती येईल तर याच पुलावरून येईल," व्हर्ना म्हणाली. "आणि पुलावर तुझी गाडी आहे."

त्याला चावी खिशातून काढता येईना. व्हर्नानंच त्याच्या खिशात हात घातला, जसा लहानपणी चोरलेली बिस्किटं काढायला घालायची, आणि गाडी स्वतः मागे घेतली. बंदूक त्यानं कधी दिली ते त्यालाही आठवत नाही.

थोड्या वेळानं तिच्या रेडिओवर ट्रूडेलचा आवाज आला. बंदूकवाला पडला आहे. अँब्युलन्स निघते आहे, पूल मोकळा ठेवा. आत एक बाई आहे, मांडीला पट्टा आवळलेला, खूप रक्त गेलंय; मध्ये कुठेही थांबायचं नाही. मग त्यानं खूण सांगितली, पुढच्या रुग्णालयाला कळवायला. पिकलेल्या केसांची लांब वेणी, निळा एप्रन, त्यावर मूस हरणाचं चित्र.

तो एप्रन व्हर्नानंच नाताळात शिवून दिला होता.

आर्वो तिच्यापासून हाताच्या अंतरावर उभा होता. भोंग्यांच्या आवाजात त्याला रेडिओ ऐकू आला नाही. तिनं रेडिओ अंगाशी धरला आणि काही बोलली नाही. बोलली असती तर तो गाडीपुढे धावला असता, दार उघडायला लावलं असतं, आणि आमच्यापैकी कुणीही तेच केलं असतं. अँब्युलन्स पुलावरून आली. आमच्याकडे समोरून गाडी आली की एक बोट वर करून नमस्कार करायची रीत आहे. हात चुकून जातोच. आर्वोनं बोट वर केलं. गाडी निघून गेली.

ती वळणाआड गेल्यावर व्हर्ना म्हणाली, "त्यात सेल्मा होती. जिवंत आहे. पास्टरांच्या गाडीतून जा, तू चालवू नकोस."

तो गेला.

सेल्मा वाचली. पाय ओढत चालते, आणि पेस्टीत सलगम अजूनही जास्तच घालते. डॉक्टर म्हणाले की थोडा उशीर झाला असता तर हात टेकावे लागले असते. हिल्या वाचली नाही. आणखी दोघी वाचल्या नाहीत. त्यांच्या नवऱ्यांनी रिंकच्या आवारात शर्टावर उभं राहून वाट पाहिली होती, आणि त्यांच्यासाठी कुठलीही गाडी घाईनं आली नाही. त्यांतला एक व्हर्नाशी बोलतो. दुसरा ती दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

आर्वो त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढत नाही. पण फायर स्टेशनच्या दारामागचा खिळा रिकामा आहे. टोपी त्यानं स्वतः काढली. भिंतीवर पांढरा गोल तेवढा राहिला, आणि त्यावर कुणी रंग देत नाही.

आता शिकारीच्या पहिल्या दिवशी जत्रा भरत नाही. तरी व्हर्ना सकाळी कॉफीचा कप घेऊन पुलाशी येऊन उभी राहते. जंगलात बार वाजत असतात. नारंगी जॅकेटातली माणसं गाड्यांतून जाताना बोट वर करतात. तीही करते. पण आधी ती त्यांचा दुसरा हात कुठे आहे ते बघते, आणि मग चेहरा. गेल्या वर्षी आर्वो आला, गाडी रिंकमध्ये तोंड बाहेर करून लावली, चावी आत ठेवली, आणि जॅकेट काढून तिच्या शेजारी पुलाच्या अलीकडे उभा राहिला. दोघंही पलीकडे बघत होती. पलीकडे बर्फाखेरीज काही नव्हतं.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"जा मग घरी."

तो गेला नाही.