दोराचा वास

माहुलीच्या गडावर जायच्या आदल्या दिवशी मी आम्हा मित्रांचा दोर घेऊन कल्याणच्या बंदरावर गेलो. दुसरं महायुद्ध संपल्यावर इथल्या लष्करी छावणीतलं सामान विकायला निघालं, त्यातला हा दोर, अजून पांढराशुभ्र. मचव्यांचे, म्हणजे शिडाच्या होड्यांचे, दोर सांधणारा एक म्हातारा तिथे रोज बसलेला दिसायचा. कडा उतरायचा दोर आहे, टोकाला फक्त पक्की गाठ मारून द्या, असं मी त्याला सांगितलं.

त्याने गाठ मारलीच नाही. डोळे मिटून सगळा दोर वीत वीत करत बोटांतून सरकवला. मधेच थांबून पीळ उलटा फिरवला, पेड मोकळे केले आणि आत नाक खुपसलं.

"किती जण लटकणार याला?"

"चौघं."

कोयता उचलून त्याने दोराचे तुकडे करायला सुरुवात केली. मी त्याचा हात धरणार, तेवढ्यात त्याने एक तुकडा माझ्या नाकाशी आणला. आत काळा भुगा होता आणि त्याला कुजक्या गवताचा वास येत होता.

"आता शेळ्या बांधा याला," तो म्हणाला. "आख्खा ठेवला तर तुमी जाल."

गेल्याच महिन्यात आम्ही चौघं याच दोरावरून कडा उतरलो होतो.