लाखनीच्या अलीकडे गाडी तापली

देवीजवळ मी बरेच महिने एकच मागणं मागत होतो: गाडीचं इंजिन तापू देऊ नकोस. असं काही देवीला मागावं का, याचा मला संकोच वाटायचा. घरात आजारी वडील असताना माणूस त्यांचं आयुष्य मागतो. मी मात्र हात जोडले की इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या काट्याचाच विचार करत असे. आपली हाक पोचत नाही, आणि का पोचत नाही हेही आपल्याला ठाऊक आहे, असं मनात येऊन मी घाईघाईने देव्हाऱ्यापुढून उठायचो.

गाडी बाबांची. उघड्या टपाची, जेमतेम दोन माणसं बसतील अशी जुनी विलायती स्पोर्ट्स कार. बाबांचा भंडाऱ्यात कोशाच्या रेशमी कापडाचा धंदा होता. तुमसरकडच्या खाणीवरचा एक साहेब नोकरी संपवून जाताना ती बंद पडलेली गाडी बाबांना देऊन गेला. तिच्यात जीव आणला तो रामदासकाकांनी. काका मेकॅनिक, आणि बाबांचे जिवलग मित्र. दर नवरात्रात अष्टमीला दोघं त्या गाडीने लाखनीच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या आमच्या कुलदेवीला जायचे. चालवायचे काका, शेजारी मांडीवर ओटीचं सामान घेऊन बाबा. मागे तिसऱ्याला जागाच नव्हती, त्यामुळे त्या प्रवासात ते काय बोलत असतील याचं मला लहानपणी फार कुतूहल होतं.

ही जोडी मी मोडली. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. बाबा घरी नसताना एका मित्राला शेजारी बसवून मी गाडी नागपूरच्या रस्त्याला पळवली. काटा लाल खुणेवर गेला तरी पाय काढला नाही. शेवटी वाफ उसळली तेव्हा नाल्याचं थंड पाणी आणून तापलेल्या इंजिनावर आणि इंजिनात ओतलं. आतून जो आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. इंजिनाला तडा गेला होता. बाबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, काल काकांनी पाण्याचा पाइप काढला होता, त्याची पट्टी ढिलीच राहिली. बाबा तडक काकांच्या गॅरेजवर गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणाले, "तुह्या हातात आता पाना शोभत नाही." काकांनी हातातला पाना खाली ठेवला. वर्षभरात ते गॅरेज उचलून लाखनीला गेले. गाडी ताडपत्रीखाली गेली.

मागच्या वर्षी बाबांना श्वासाचा त्रास सुरू झाला. एकदा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "एकदा त्या गाडीनं देवीले जाऊन आलो असतो." मी फिटरचं काम करून पोट भरलेला माणूस. ताडपत्री काढली, तडा सांधून घेतला आणि इंजिन बांधायला घेतलं. ते चालू झालं, पण तापायचं. रेडिएटर बदलला, पंप बदलला, पंखा बदलला. दहा-बारा किलोमीटर झाले की काटा चढायचाच. या अष्टमीला मी देवीवर भार टाकून बाबांना घेऊन निघालो.

भंडारा सुटलं, वैनगंगेचा पूल गेला, आणि या वेळी दहा-बारा किलोमीटरनंतरही काटा जागेवरच होता. लाखनी चार-पाच किलोमीटर राहिली आणि काटा लाल खुणेला टेकला. मी गाडी हमरस्त्यावरून खाली, तलावाच्या पाळीजवळच्या एका मोहाच्या सावलीत उतरवली. आश्विनातलं ऊन होतं. बाबांचा श्वास लागला होता. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तोच बाजूच्या धानाच्या बांधीतून आवाज आला.

"अवो भाऊ! झाकण आत्ताच नोका खोलू, भाजसान."

धानाला पाणी देत असलेली एक बाई होती. खांद्यावर फावडं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने बाबांना गडव्यातून पाणी प्यायला दिलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "थंडी होऊ द्या. मी येतो मंग." आणि परत कामाला गेली.

करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. एरवी असा वेळ मी पान्याशी खेळून घालवतो, पण कशालाच हात लावता येत नव्हता. बाबा हळू आवाजात म्हणाले, "रामदासच्या हाती हे गाडी कधी अशी तापली नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं. "बाबा, काकाची चूक नव्हती. मीच गरम इंजिनात नाल्याचं पाणी वतलं होतं. मी खोटं बोललो."

बाबांनी माझ्याकडे मान वळवली.

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "त्याच वर्षी दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिन खोललं तेव्हाच समजलं. ढिल्या पट्टीनं तसा तडा नाही जात. पण चार लोकांसमोर बोलून आलो होतो त्याले. परत कोणत्या तोंडानं जाऊ? तू खरं बोलशील, मंग तुले घेऊन जाईन, असं म्हणत रायलो. तू बोलला नाही, मी गेलो नाही."

इतकी वर्षं मी त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते माझी वाट पाहत होते. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडलो. त्यांनी केसांतून हात फिरवला, लहानपणी फिरवायचे तसा.

बाई परत आली तेव्हा तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, पण विचारलं नाही. मी पाणी भरू लागलो तर ओरडली, "असं उतरतीले थोबाड करून भरता का? हवा अटकते न आत! आमच्या पाण्याच्या इंजिनात हवा धरली का एक थेंब नाही येत. थोबाड वर करा पहिले."

मी फिटर, आणि हे मला सुचलं नव्हतं. माझ्या घरासमोरही उतारच आहे, आणि मी दर वेळी नाक खाली असतानाच पाणी भरत आलो होतो. तिने नवऱ्याला आणि दोन बायांना हाक मारली. "दोन माणसाची गाडी न ढकलाले पाच!" असं म्हणत सगळ्यांनी गाडी वळवून पाळीच्या चढावर लावली. बाबासुद्धा हसले. मी पाइप दाबत राहिलो, ती गडव्याने सावकाश पाणी ओतत राहिली. आतून बुडबुडे येत, पाणी खाली जाई, ती पुन्हा ओते. अर्धी बादली पाणी त्या इंजिनाने आणखी घेतलं.

तिला मी देवी म्हणणार नाही. नंतर साडी घेऊन गेलो तेव्हा ती तिथेच होती आणि माझ्यावर चांगलीच हसली. पण त्या दिवशी तिला कोणी उभं केलं होतं, हे मी माझ्यापुरतं जाणतो.

गाडी रस्त्याला लागल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "लाखनीत थांबव."

काका आवाज ऐकूनच बाहेर आले असावेत, कारण आम्ही पोचलो तेव्हा ते दारात होते. पाठीत वाकलेले. मी सगळ्यांदेखत त्यांचे पाय धरले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात खरं सांगितलं. "उठ रे," ते म्हणाले, "चार लोकं पाहून राहिले." मग बाबांकडे वळले. बाबांनी गाडीतूनच हात पुढे केला होता.

"काहून शेट, लाखनी इतकी दूर हाये का?" काका म्हणाले. "चाल, आरती होऊन जाईन." आणि मला, "तू इथंच थांब."

मी चावी त्यांच्या हातात दिली. बाबांच्या मांडीवर ओटीचं सामान नीट ठेवलं. गाडी निघाली. काका काहीतरी विचारत होते, बाबा हात हलवून सांगत होते. काय ते मला तेव्हाही ऐकू आलं नाही.

काकूंनी मला ओट्यावर बसवलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. गाडीचा आवाज बारीक होत गेला. आपण खरं आत धरून बसतो आणि वर हाक पोचत नाही म्हणतो, हे मला त्या ओट्यावर समजलं. मी हात जोडले. मागायला काहीच सुचलं नाही.