सुतकातलं मुडदुशांचं सार

चाळ सोडली त्या सकाळी माझी सगळी खोकी दोरीने बांधून, वर नंबर घालून, दाराशी रांगेत उभी होती. शेजारच्या कुमुदचा संसार जुन्या साड्यांच्या गाठोड्यांत होता आणि ती गॅलरीतून टेम्पोवाल्यावर ओरडत होती. मध्येच माझ्या खोक्यांकडे वळून म्हणाली, "बाई, तू काय लंडनला निघालीस?" आम्ही निघालो होतो बिल्डरने भाड्याने दिलेल्या तात्पुरत्या खोल्यांत. करी रोडच्या त्याच जागेवर नवी इमारत झाली की परत यायचं होतं. तरी कुमुदचे यजमान वसंतराव जिन्याशी थांबले, रिकाम्या खोलीकडे मान वळवून "येतो" म्हणाले आणि पुन्हा वळून न बघता उतरले. तुमचे आजोबा त्यांच्या मागे होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणजे कुणाशी बोलायला नको.

इरा, निहार, तुमच्या बाबांचं म्हणणं असं की आजी हट्टी आहे आणि मुंबईत एकटी पडली आहे. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी का खरी नाही ते मी लिहून काढते आहे. मराठी वाचायला वेळ लागला तर लागू दे, घाई नाही.

मी गिरगावातली. वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. "सुरू केलेलं वाक्य पूर्ण कर," हे त्यांचं एकच सांगणं असे. तुमच्या आजोबांची नोकरी मिलच्या कचेरीत, म्हणून लग्नानंतर मी करी रोडला आले आणि दादरच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. चाळ मला 'बाई' म्हणू लागली. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. भिंतीपलीकडे कुमुदकडे रोज मासे. ती मालवणची. मासे तळताना ती आमच्या बाजूची खिडकी लावून घ्यायची आणि मी ती उघडायला सांगायचे, कारण खिडकी बंद असली की गप्पा बंद.

नव्या इमारतीत मजले चिठ्ठ्या टाकून वाटले. मी सतराव्यावर, कुमुद अकराव्यावर. लिफ्ट, इंटरकॉम, खाली लॉबीत कुंड्या. आपलं नाव वहीत लिहून आपल्याच माणसांकडे जायचं. दारं बंद असतात आणि कोण आजारी आहे हे कचऱ्याच्या डब्यातल्या औषधांच्या पाकिटांवरून कळतं. मला ही इमारत आवडते, खोटं कशाला बोलू? नळाला पाणी आहे, संडास घरात आहे. पण तुमचे आजोबा गेले तेव्हा पहिल्या संध्याकाळी आमच्या मजल्यावरच्या लोकांनी दाराखालून 'सॉरी फॉर युवर लॉस'चं कार्ड सरकवलं आणि कुमुद पिठलंभात घेऊन सरळ आत आली.

आपल्याकडे दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारपाजारचे जे आणतील ते खायचं आणि नाही म्हणायचं नाही. त्याला कडू घास म्हणतात. मला गिळवत नव्हतं. कुमुद समोर बसली आणि म्हणाली, "तोंड उघड, बाई. मी भांडं धुवायला परत नेणार हाय, भरलेलं नाय नेणार." त्या पिठल्यासाठी तिने नवं पातेलं विकत आणलं होतं, तिच्या घरच्या माशांचा वास माझ्या घासाला लागू नये म्हणून. हे तिने सांगितलं नाही. वसंतरावांनी पुढे कधीतरी सांगितलं.

मग कुमुदला कॅन्सर निघाला. स्तनाचा. ऑपरेशन झालं, कीमो सुरू झाली. मी तिच्याबरोबर परळच्या हॉस्पिटलात जायचे आणि तिच्या बाजूला बसून पेपर मोठ्याने वाचायचे. ती मृत्यूच्या बातम्या गाळायला सांगायची आणि मग विचारायची, "कोण कोण गेलं ते तरी सांग." कीमोनंतर तिच्या पोटात काहीच टिकत नसे. वरण, पनीर, अंडं, सगळं बाहेर. टिकायचं ते एकच, मुडदुशांचं पातळ सार आणि मऊ भात. मुडदुशी म्हणजे वाळूतली बारीक, हलकी मासळी. कोकणात ती बाळंतिणीला आणि आजाऱ्याला देतात. वसंतराव पहाटे बाजारात जाऊन ती आणायचे आणि स्वतः रांधायचे. त्यांना बाकी काही करता येत नव्हतं, चहासुद्धा पांचट व्हायचा.

आणि या सगळ्याच्या मधेच एका सकाळी, पिशवी हातात घेऊन लिफ्टची वाट बघताना, वसंतराव कोसळले आणि गेले.

कुमुदला मूल नाही. गावाहून तिची नणंद शालनताई मुलाला घेऊन आली, त्याने अग्नी दिला. शालनताई मनाने वाईट नव्हत्या, पण तेरा दिवस सगळं रीतसर व्हायला हवं यावर ठाम होत्या. मासे, अंडी, काही नाही. कुमुदही तेच म्हणाली. खरं तर तिला रीतीपेक्षा न खाण्याचं निमित्त हवं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी आणलेलं मुगाचं कढण उलटून पडायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की काउंट असाच राहिला तर पुढची कीमो देता येणार नाही, आणि तिच्या बाबतीत खंड पडणं बरं नाही.

त्याच आठवड्यात तुमच्या बाबांनी माझं तिकीट पाठवलं. कायमचं तुमच्याकडे यायचं होतं. "आई, आता तिथे तुझं कोण आहे?" ते फोनवर म्हणाले. मी म्हटलं, "उद्या बोलू." मी बाजारात निघाले होते.

सत्तरी ओलांडलेली मी, आयुष्यात पहिल्यांदा मासळीच्या पाटीसमोर उभी राहिले. कोळीण म्हणाली, "काकी, भाजीवाली तिकडे." मी मुडदुशी मागितली आणि साफ करून घेतली. घरी आले, नाकाला पदर बांधला आणि माझ्या देवघरापासून चार हातांवर असलेल्या गॅसवर सार ठेवलं. वसंतराव घालायचे त्यातलं नारळाचा रस, हळद, आमसूल इतकं आठवत होतं. बाकी मी माझ्या हातवळणाने केलं.

डबा घेऊन अकराव्या मजल्यावर गेले. झाकण उघडताच शालनताई उठल्या. "बाई, तुम्ही एवढ्या शिकलेल्या! सुतक कळत नाही तुम्हाला?"

"कळतं. सुतकात शेजारी आणेल ते खायचं असतं. मी शेजारीण आहे आणि मी हे आणलंय."

"पण मासे? दोष लागेल तिला."

"लागला तर मला लागेल. रांधलंय मी. दोषाला सांगा, सतरावा मजला, लिफ्टमधून बाहेर पडून डावीकडे."

त्या काही बोलणार तोवर मी कुमुदला धरून बसवलं होतं. "तोंड उघड," मी म्हटलं. तिने एक चमचा घेतला. थांबली. भुवया वर गेल्या, निदान भुवया असत्या तर गेल्या असत्या.

"बाई," ती म्हणाली, "ह्यात गूळ घातलंस?"

"थोडासा. आमसुलाबरोबर घालतातच ना."

"आणि जिरा?"

"फोडणीत."

"माशात गूळ! मेलल्या माशाक परत मारलंस गो!" कित्येक दिवसांनी तिचा आवाज खोलीभर झाला. "माझो घोव असतो तर तुका खिडकीतून खाली टाकल्यान असता! तिरफळां खंय आसत? तिरफळां घातलंस नाय?"

तिरफळं म्हणजे कोकणात माशांच्या सारात घालतात ती उग्र वासाची वाळलेली फळं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तसं सांगितल्यावर ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. वसंतराव गेल्यापासूनचं ते पहिलं रडणं. शालनताई पुढे आल्या, तिची पाठ चोळू लागल्या आणि डब्याकडे बघत नाइलाजाने पुटपुटल्या, "गूळ कोण घालता पण?"

कुमुदच्या घरी चूल पेटणार नव्हती. म्हणून भिंतीला धरत, माझ्या खांद्यावर भार टाकत, ती माझ्या घरी वर आली. ओट्याजवळ स्टुलावर बसून तिने हुकूम सोडले आणि उरलेल्या मासळीचं सार मी पुन्हा केलं. तिरफळं शालनताईंनी आणून दिली, त्यांच्या गावच्या पिशवीतली. कुमुद वाटीभर जेवली आणि ते पोटात टिकलं. दुसऱ्या दिवशीही टिकलं. शालनताई त्या दिवसांत माझ्या दाराशी यायच्या, आत यायच्या नाहीत, पण मीठ बरोबर आहे का ते विचारून जायच्या. कीमो ठरल्या दिवशी झाली.

तुमच्या बाबांना मी त्या संध्याकाळी फोन केला आणि तिकीट रद्द करायला सांगितलं. ते रागावले. अजून थोडे रागावलेले आहेत. मुलाने आईला बोलवावं यात चूक काही नाही. पण म्हातारपणी माणसाला सुरक्षित जागी नेऊन ठेवलं की काम झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी भांडणार. मी कुठे ठेवायची वस्तू नाही. मला कुणाचीतरी गरज आहे तशी कुणालातरी माझीही आहे आणि ती फोनवर भागत नाही.

कुमुदची ट्रीटमेंट संपली आहे. आजार परत येईल का, डॉक्टर सांगू शकत नाहीत. आला तर आम्ही परळला जाऊ. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे आणि त्यासाठी तुमच्या बाबांनी रजा काढायची नाही, हे त्यांना वाचून दाखवा. कुमुद माझ्याकडे राहायला येते आहे. तिने आत्ताच बजावलंय की वॉकर घेऊन चालायला मी कुरकुर केली तर ती मला सगळ्या मजल्यांवर फिरवून आणेल.

तुम्ही सुट्टीत या. तुमची गादी घातलेली असेल. माझं घर कुठे, असं विचाराल तर ते मागे गिरगावात राहिलेलं नाही, पाडलेल्या चाळीत नाही आणि तुमच्या बाबांनी माझ्यासाठी रंगवून ठेवलेल्या त्या सुंदर खोलीतही नाही. जिच्या दुखण्यात मला कुणी विचारल्याशिवाय घुसता येतं आणि जी माझ्या दुखण्यात तशीच घुसते, ती बाई जोवर सहा मजले खाली राहते, तोवर मी इथून हलणार नाही.