खिडकीखालची घरघर

साठी उलटली, टक्कल पडलं, तरी ताईसाठी तो अजून छोट्याच होता. बाहेर लोक त्याला पंपवाले काका म्हणत आणि त्याचा शब्द मानत. ताईच्या अंगणात मात्र त्याचं काडीचं चालत नसे.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ताईला कमरेएवढ्या पाण्यात चालायला सांगितलं होतं. म्हणून छोट्याने तिच्या मागच्या अंगणात जमिनीवर उभा राहणारा एक गोल तलाव आणून बसवला. शिडी लागली, पाणी भरलं. अडलं ते पंपापाशी. पाणी गाळणारा पंप ठेवायचा कुठे, यावरून भावंडांत सकाळपासून जुंपली होती.

छोट्याची जागा ठरलेली होती. तलावापासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात, विटांच्या सपाट ओट्यावर. ओल्या हाताने कुणी शिवायला नको, उडालेलं पाणी पोचायला नको आणि शेजारची पोरं पंपावर पाय देऊन तलावात चढायला नकोत. शिवाय तिथून त्याची घरघर ताईच्या खोलीत ऐकू येणार नव्हती. लोकांच्या झोपा मोडू नयेत म्हणून त्याने जन्मभर पंप लांब नेऊन बसवले होते. मग सख्ख्या बहिणीसाठी तसं का करू नये?

"तिथे नको," ताई म्हणाली. "ऊन लागेल त्याला."

"वर पत्रा घालतो."

"पत्रा वाजेल. इकडे आण की, माझ्या जवळ."

"जवळ म्हणजे पाण्याला खेटून? विजेची वस्तू आहे ती ताई, मांजर नाही."

"मग राहू दे तुझा तलाव. मी नाही उतरत."

ताई एकदा नाही म्हणाली की कुणाच्या बापाचं ऐकायची नाही, हे छोट्याला माहीत होतं. आणि पाण्यात चालली नाही तर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मग या घरात तिला एकटीला राहताच आलं नसतं. तिच्या मनासारखा पंप जवळ ठेवावा, तर तिने ओला हात लावला म्हणजे? तो विचारही त्याला सोसवेना.

तो विटांच्या ढिगावर बसला. "खरं सांग, तुझं घोडं कुठे अडलंय?"

ताई गुडघा चोळत राहिली. मग म्हणाली, "तुझे भावोजी घोरायचे, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? मुक्कामाला आलो की बाहेरच्या खोलीत मी कानात बोळे घालून झोपायचो."

"जन्मभर नावं ठेवली मी त्या घोरण्याला. आता डोळ्याला डोळा लागत नाही. घरात आवाजच नाही रे काही. म्हटलं, पंप जवळ असला तर दुपारी तरी जरा झोप लागेल."

छोट्या टेप घेऊन उठला आणि घराच्या भिंतीपाशी गेला. ताईच्या खिडकीखालची जागाही तलावापासून तितकीच लांब होती. वर छज्जा होता आणि तिथे पाणी साचत नव्हतं. पाइप तेवढा जास्त लागणार होता, तो लागू दे. त्याने कोपऱ्यातला ओटा उचकटला, विटा खिडकीखाली रचल्या आणि त्या डुगडुगत नाहीत ना, ते दोनदा पाहिलं. बटण खोलीच्या आत, दाराजवळ लावलं.

"आधी पंप बंद, मग शिडी. म्हणून दाखव."

"आधी पंप बंद, मग शिडी," ताई शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली. "झालं समाधान, मास्तर?"

जेवण झाल्यावर ती पलंगावर आडवी झाली. छोट्याने बटण दाबलं. खिडकीखाली घरघर सुरू झाली.

"कसा वाटतो?"

ताईने कान देऊन ऐकलं. "ह्यांचा जरा वरचा होता," ती म्हणाली. मग सवयीने भिंतीकडे सरकली आणि अर्धा पलंग मोकळा सोडून झोपी गेली.

छोट्याने बाहेर जाऊन तलावाची शिडी काढून ठेवली. चाचणीपुरता चालवलेला पंप आता बंद करायचा होता. आत येऊन बटणाकडे नेलेला हात त्याने मागे घेतला, खुर्ची ओढली आणि तिथेच बसून राहिला.