पुलावरचा लाल ठिपका

माझ्या भाचीला घरात सगळे ठसका म्हणतात, कारण तिच्याशी बोलताना समोरच्याला ठसका लागतो. गोड बोलणं तिला जमत नाही आणि जमवायची तिची इच्छाही नाही. पाहुणे टेकतात न टेकतात तोच विचारते, "किती वेळ थांबणार?" तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, कपाळाला हात लावतो. मला मात्र ती आवडते. माझी नोकरी अशा माणसांत गेली आहे, ज्यांच्या जिभेवर साखर असते आणि कामाच्या नावानं बोंब.

आमचं ऑफिस टेकडीवरच्या पायवाटा सांभाळतं, निदान दारावरच्या पाटीवर तरी तसं लिहिलंय. मी तिथे टायपिस्ट, भाऊ शिपाई. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी इंटर्नशिप करावी लागते, म्हणून ठसका आमच्याकडे आली. तिचं काम अ‍ॅप बनवायचं. वाटेवर कठडा तुटला, दरड घसरली, झाड आडवं झालं, तर चालणाऱ्याने मोबाइलवरून फोटो पाठवायचा आणि नकाशावर तिथे लाल ठिपका उमटायचा. शेवटी साहेबांची सही मिळाली की ती पास, नाही मिळाली तर वर्ष वाया.

आता साहेब. या माणसाबद्दल चांगलं सांगायचं तर त्याचे बूट चकचकीत असतात. पुढे मला काही सुचत नाही. तो टेकडी चढताना मी एकदाही पाहिलेला नाही. ठसक्याला त्याने माझ्या शेजारी, पंख्याचा वारा पोचत नाही अशा कोपऱ्यात बसवलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला की ही पोरगी इथे मोबाइलवरचे खेळ बनवते. ती मान वर करूनही त्याच्याकडे बघत नसे.

अ‍ॅप नीट चालतंय का ते बघायला ती सकाळी टेकडीवर जायची. अशा वेळी भरलेल्या नोंदीवर 'चाचणी' असं आपोआप लिहून येतं. दुसरं कुणी असतं तर बसल्या जागी काहीबाही भरून मोकळं झालं असतं. ठसका तसली नाही. खराखुरा धोका दिसला तरच ती नोंद करायची. त्यातलीच एक नोंद ओढ्यावरच्या लाकडी पुलाची होती. मधल्या फळ्या खालून कुजल्या होत्या आणि वरून नवा रंग फासल्यामुळे चालणाऱ्याला पत्ता लागत नव्हता.

अ‍ॅपच्या उद्घाटनाचा दिवस ठरला तसं साहेबाने चाचणीच्या सगळ्या नोंदी पुसायला सांगितल्या. ठसका म्हणाली, आधी त्या खऱ्या नोंदी म्हणून चढवते, मग पुसते, आणि पूल तर आजच बंद करा. साहेब हसला. चाचणीतलं खरं कसं असेल, हे त्याने तिलाच समजावलं. मग मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "पाहुण्यांसमोर नकाशा हिरवागार हवा. सही हवीय ना तुला?"

तिने पुसायला साफ नकार दिला. पासवर्ड त्याच्याकडेही होता. त्याने स्वतः बसून सगळे ठिपके उडवले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कार्यक्रम असा होता की पाहुण्यांना पुलापलीकडे न्यायचं. तिथे एक फांदी मुद्दाम आडवी टाकून ठेवली होती. तिचा फोटो काढून अ‍ॅप कसं चालतं ते दाखवायचं. म्हणजे खऱ्या धोक्यावरून चालत जायचं आणि खोट्याचा फोटो काढायचा. ही अक्कल साहेबाचीच.

त्या दिवशी ठसका पुलाच्या तोंडाशी मांडी ठोकून बसली. पाहुणे थबकले. साहेबाने माझ्या भावाकडे नुसतं पाहिलं. भाऊ खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन पुढे झाला.

"ऊठ. माझी नोकरी घालवशील."

"बाबा, फळ्या कुजल्यात."

"साहेबांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

तिला ओलांडून तो पुलावर चढला. मधोमध पोचला तशी फळी मोडली आणि त्याचा पाय मांडीपर्यंत खाली गेला. कॅन ओढ्यात पडला. साहेबाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "कोणीही फोटो काढू नका."

ठसक्याने आधी बापाला ओढून बाहेर काढलं, मग रडत रडत त्या भगदाडाचा फोटो काढला आणि पाठवला. अ‍ॅपमधली ती पहिली खरी नोंद.

भावाचं हाड मोडलं. साहेबाने बेशिस्तीचं कारण देऊन सही नाकारली. मी भर ऑफिसात त्याला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. बदली करतो म्हणाला, खुशाल करू दे.

हॉस्पिटलात भाऊ प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून पडला होता. लेकीकडे बघायची त्याला लाज वाटत होती. भिंतीकडे तोंड करून त्याने विचारलं, "लाल लागला का गं?"

तिने मोबाइल पुढे केला. पुलाच्या जागी हिरवं होतं. साहेबाने 'दुरुस्ती झाली' असं लिहून ठिपका काढून टाकला होता. फळी तशीच मोडलेली होती, मी सकाळीच बघून आले होते.

भावाने तोंड वळवून ते हिरवं पाहिलं. साहेबाचा शब्द त्याने आजवर कधी खाली पडू दिला नव्हता.

"परत लाव," तो म्हणाला. "फोटो लागत असेल तर माझ्या पायाचा घे."