पाहुण्यांचे संत्रे

संत्र्याच्या बगीचेवाल्यांच्या घरी मोठा संत्रा कोणी खात नाही. चांगला माल व्यापारी नेतो, त्यातला निवडक पाहुण्यांकडे जातो, अन् घरच्यांच्या वाट्याला येते ती चुरी. चुरी म्हणजे बारकं, डागी, वाकडंतिकडं फळ. लग्न होऊन मी मोहगावकडच्या या घरात आली तेव्हा टोपल्यातला एक टपोरा संत्रा सोलायला घेतला होता. सासूबाईंनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. रागावल्या नाहीत. "तो द्यायचा आहे," एवढंच म्हणाल्या. मग मीही तशीच झाली. माझ्या लेकीच्या हातातून मीसुद्धा किती वेळा काढून घेतला असेल.

माझं माहेर सावरगावचं. जिथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत दगड चालतात त्या गावची बाई आहे, तिच्या तोंडी लागू नका, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. म्हणजे सांगायचे. मागच्या वर्षी ह्यांच्या छातीत दुखलं, नागपूरला दोन स्टेंट टाकले, अन् त्यानंतर चिडवणं बंद झालं. माझ्याशी भांडणंही बंद झालं. मी मुद्दाम भाजीत मीठ कमी टाकून पाहिलं, तरी गपचूप जेवले.

दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसायचे. बाजारात गर्दीत माणूस पाकीट चाचपतो तसा हात घडीघडी छातीवर जायचा. बगीच्यात जाणं सोडलं, पाण्याची बादली उचलणं सोडलं. डॉक्टर म्हणत होते, सगळं ठीक आहे, चाला, सायकल चालवा. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आमची लेक डोंगराच्या घाटीपलीकडे दिली आहे. तिला बाळ झालं, ते चार महिन्यांचं झालं, तरी आजोबांनी नातवाला फोनवरच पाहिलं होतं. बसनंही जायला तयार नव्हते. "घाटीत काही झालं तर दवाखाना कुठं आहे?" हे एकच.

हा तोच माणूस, जो तरुणपणी सायकलनं ती घाटी चढून पलीकडच्या बाजाराला जायचा अन् दिवस मावळायच्या आत घरी यायचा. एक दिवस मी फारच पाठीमागे लागली तेव्हा वैतागून म्हणाले, "ज्या दिवशी सायकलनं घाटी पार करीन न, त्या दिवशी मी बरा झालो म्हण. तोवर मले पेशंटच राहू दे."

मला गप्प करायला बोलले होते. पण मी तो शब्द पदराला बांधून ठेवला.

लेकीला नववीत शाळेतून मिळालेली सायकल गुरांच्या कोठ्यात पडून होती. ती मी दुरुस्त करून आणली, "तुमचाच शब्द आहे" म्हणत ह्यांना त्यांच्या जुन्या सायकलवर बसवलं अन् रोज सकाळी त्यांच्या मागे निघू लागली. आधी नाल्यापर्यंत, मग लोधीखेड्याच्या रस्त्यानं, मग जवळच्या दोन बुटक्या खिंडी. चढ आला की उतरायचं, सायकल ढकलत चालायचं. लोकं हसत होते. मी म्हटलं, हसा बापा, तुमचे दात आहेत.

होळीच्या आधी मृग बहाराचा माल उतरला, तेव्हा मी थैलीभर निवडक संत्रे काढून ठेवले अन् सांगितलं, "उद्या घाटी." हे रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी पाहते तर सायकलच्या चाकात हवा भरून राहिले होते.

लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं जाता येत नाही, म्हणून थैली माझ्या कॅरियरला जुन्या ट्यूबनं करकचून बांधली. पाण्याची एक बाटली घेतली. मोठ्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ, म्हणून आम्ही जंगलातला जुना रस्ता धरला. सागवानं पार झडली होती, सावली अशी कुठेच नव्हती, अन् ऊन चटकायला लागलं होतं. पहिली दोन वळणं छान गेली. हे पुढे, मी मागे, अन् माझे डोळे सतत त्यांच्या पाठीवर. जरा थांबले की मी बाटली पुढे करायची, प्या, प्या. स्वतः प्यायचं ध्यानातच आलं नाही. सकाळी चहावरच निघाली होती, तेही विसरली.

तिसऱ्या वळणावर एक पुलिया आहे, नाल्यावरचा छोटा पूल. तिथे ह्यांनी सायकल टेकवली अन् कठड्यावर बसले. हात छातीवर गेला.

"दुखून राहिलं का?" मी विचारलं.

"नाई. पण दुखंन." मग म्हणाले, "जावयाले फोन लाव. गाडी घेऊन येऊ दे त्याले."

डॉक्टरनं सांगितलेली दुखण्याची एकेक खूण मी विचारली. घाम नाही, कळ नाही, श्वासही शांत झाला होता. नुसती भीती होती. अन् भीतीवर माझ्याजवळ गोळी नव्हती. मला खरं सांगायचं तर रडू आलं, रागाचं. गाडी आली असती तर हा माणूस पुन्हा खुर्चीत बसला असता अन् मग कधीच उठला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. मला माझा भांडणारा माणूस परत पाहिजे होता. पण जबरदस्ती कशी करणार? उद्या खरंच काही झालं तर?

"लावते," मी म्हटलं. फोनला रेंज नव्हती. रेंज वर खिंडीतच मिळते. म्हणून फोन हातात धरून मी चढावर चालत निघाली, रागारागानं, भराभर. थोडं गेली असेन, तर डोळ्यापुढे काळे ठिपके आले. मी तिथेच रस्त्यावर बसली.

हे कसे आले मला कळलं नाही. पाहते तर समोर उकिडवे बसलेले. धावत आले होते, चढावर.

"काय झालं वं? बोल न."

"काही नाही, चक्कर आली. पाणी द्या."

बाटली रिकामी होती. सगळं मीच त्यांना पाजलं होतं. हे परत पुलियाशी गेले, खाली नाल्यात वाकून पाहिलं, नाला कोरडा. मग माझ्या सायकलजवळ नुसते उभे राहिले. काय करावं सुचत नव्हतं. अन् तेव्हा त्यांचं लक्ष थैलीकडे गेलं.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच. दोन बगीचेवाली माणसं तहानेनं वाळून चालली होती, अन् थैलीभर संत्रे शेजारी. दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही, कारण तो माल खायचा नसतोच. चुरी आणली असती तर केव्हाच खाल्ली असती.

ट्यूब सोडून त्यांनी संत्रा काढला. तोही सगळ्यात मोठा. थैलीसकट माझ्याजवळ आले.

"अजी, ते व्याह्यांचे आहेत," मी तशा अवस्थेतही म्हटलं.

"गप बस. तोंड उघड."

सोलून एकेक फोड त्यांनी माझ्या तोंडात घातली. साताठ महिने मी त्यांना भरवत होती, औषधं देत होती, आज उलटं झालं होतं. मला बरं वाटायला लागलं. मग त्यांनी स्वतःसाठी एक सोलला अन् रस्त्यावर माझ्या बाजूला बसून पूर्ण खाल्ला. सालटं हातात धरून पाहत राहिले.

"लय गोड आहे वं," म्हणाले. "जिंदगीभर पिकवला अन् लोकायले वाटला. तुह्या सावरगावच्या डोक्यालाही सुचलं नाई."

मी हसली. इतक्या दिवसांनी सावरगाव काढलं होतं माझं.

आणखी दोन-दोन खाल्ले. मग त्यांनी थैली आपल्या कॅरियरला बांधली अन् सायकल ढकलत वर निघाले. मी मागे. हात हँडलवरच होते, दोन्ही. छातीकडे एकही गेला नाही, की गेला असेल अन् मी पाहिला नसेल, कारण आता मी त्यांच्या पाठीकडे पाहत नव्हती. खिंडीतल्या शेंदूर लावलेल्या दगडाजवळ पोचलो तसा फोन वाजला. रेंज आली होती.

"लावू का जावयांना?" मी विचारलं.

"लाव. म्हण, आम्ही उतरून राहिलो. चहा ठेवा."

लेकीच्या घरी अर्धी थैली पोचली. विहीणबाई थैलीकडे पाहून काही बोलल्या नाहीत, चांगल्या घरच्या आहेत. ह्यांनीच सांगून टाकलं, "रस्त्यात खाल्ले." लेकीनं एकदम माझ्याकडे पाहिलं. तोवर ह्यांनी हात धुऊन नातवाला उचललं होतं अन् छातीशी धरून अंगणात फिरत होते.

दिवाळीनंतर आंबिया बहाराचा माल उतरला. हे आता रोज बगीच्यात जातात, सायकलनं. त्या संध्याकाळी एक थैली त्यांनी ओट्यावर आणून ठेवली. चुरी असेल म्हणून मी परातीत ओतली, तर सगळे टपोरे, एकालाही डाग नाही.

"कोणी पाहुणे येऊन राहिले का?" मी विचारलं.

"नाई. घरचे आहेत. उद्या नातवाकडे जायचं आहे न, घाटीत खायले."

त्यातला सगळ्यात मोठा मी उचलला अन् ओट्याशी उभी राहूनच सोलला. कोणी हातातून घेतला नाही.